लेसपट्टी

सुरतच्या लिंबायतमध्ये महापालिकेची एक मराठी शाळा होती. सुरतेत गुजरातीबरोबर हिंदी, उर्दू, मराठी, उडिया, तेलुगू माध्यमांच्याही पालिका शाळा आहेत. लूमवर आणि साड्यांच्या कामाला देशभरातली माणसं येतात, त्यांची पोरं कुठंतरी शिकायला हवीत. या शाळेतली बहुतेक मुलं खानदेशातली, नंदुरबार-अमळनेरकडून भुसावळ लाइनच्या गाडीनं आलेल्या आईबापांची.

पहिलीतल्या एका मुलाची वही लाल फुल्यांनी भरली होती. शब्द सांगितला की तो पेन्सिल खाली ठेवायचा. नव्या बाई आल्या तेव्हा त्याची माय म्हणाली, "बाई, याले काहीच येत नही."

बाईंनी रोज अक्षरं गिरवून घेतली. दोन आठवडे गेले, नवी वही कोरीच राहिली.

एका संध्याकाळी बाई रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. तोच मुलगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन सोसायटीच्या फाटकाजवळ उभा होता. वरच्या गुजराती पाटीवरचा शेवटचा शब्द बोटानं दाखवत तो तिला सांगत होता, "न, ग, र. नगर. आपलं घर याच्या मागं."

बाई तिथंच थबकल्या. गुजरातीतले न, ग, र, घ, म आपल्यासारखेच, फक्त डोक्यावर रेघ नाही. त्यांनी घरी जाऊन त्याच्या जुन्या वह्या पुन्हा उघडल्या. प्रत्येक लाल फुलीखाली नीट लिहिलेला शब्द होता. रेघ तेवढी नव्हती.

बाईंना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आठवल्या. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षण सुरू केलं, तेव्हा वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. बाईंना हे डी.एड.ला शिकवलं होतं. पेपरात त्यांनी ते लिहिलंही होतं. पण मूल जिथं उभं आहे तिथंच आपण आधी जायचं असतं, हे त्या रात्री त्यांना खरं उमगलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर रेघेविना 'नगर' लिहिलं. "कोण वाचतं?"

मुलाचा हात वर गेला. वर्गात पहिल्यांदाच.

"बरोबर. आता मराठीत करायला याला काय हवं?"

मुलगा बराच वेळ बघत राहिला. घरी त्याची माय साड्यांना लेस लावायची, नगावर पैसे मिळायचे. तो म्हणाला, "लेस. वरून लेस लावायची राहिली."

"ये, लाव."

त्यानं खडू घेतला आणि डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढली. बाईंनी त्याच्या जुन्या वहीतल्या फुल्या त्याच्यासमोर खोडरबरानं पुसल्या. शाईच्या होत्या, पुरत्या गेल्या नाहीत. कागद मात्र थोडा फाटला. मुलानं त्या शब्दांवर एकेक करून रेघा दिल्या.

पुढं त्यानं 'गरम घर' लिहिलं आणि दोन्हींवर मिळून एकच रेघ ओढली. बाईंनी खोडलं नाही. नुसतं विचारलं, "किती साड्या आहेत रे?"

"दोन."

"मग?"

त्यानं मधली रेघ पुसली. वर्गातली बाकीची मुलं, जी शब्द एकमेकांना चिकटवून लिहीत, तीही आपापल्या पाट्यांवर साड्या मोजू लागली. तो दिवसभर त्यांना लेस लावून दाखवत फिरला.

शनिवारी बाईंनी ग, म, भ, न ही अक्षरं रेघेविना लिहून दिली. ग, म झाले. भ-पाशी तो थांबला. तक्त्यावरचा भ त्यानं नीट पाहिला, रेघ थोडी पुढून सुरू केली आणि मोकळ्या राहिलेल्या जागेवर बोट ठेवून शेजारच्या मुलीला सांगितलं, "इथं लेस सोडायची. नाहीतर त्याचा म होतो."