नैवेद्याचे मीठ

महसुली दप्तराप्रमाणे वणी दिंडोरी तालुक्यात मोडते आणि सप्तशृंग गड कळवण तालुक्यात; तथापि शेंदूरचर्चित, अठरा भुजांच्या ज्या जगदंबेला महाराष्ट्राने आपल्या साडेतीन पीठांपैकी अर्धे पीठ मानले, तिला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘वणीची देवी’ असेच म्हणत आले असल्यामुळे, हद्दीविषयी तक्रार करण्याचे कारण आम्हा वणीकरांना कधी पडले नाही. नवरात्रात नाशिकहून दिंडोरीमार्गे गडाकडे चालत निघालेल्या यात्रेकरूंची रांग गावातून जाऊ लागली, की घराघरांतल्या चुलींना उसंत राहत नाही; आणि अशाच एका नवमीच्या सकाळी आमच्या शेजारच्या स्वयंपाकघरात जो लहानसा तंटा उद्भवला, तो माझ्या मनातून अद्याप मिटलेला नाही.

शेजारणीचा नातू दादरच्या त्या संस्थेत पाककला व हॉटेलव्यवस्था शिकतो, जी १९५४ साली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने उभी केली आणि जी या विद्येची आपल्या देशातील पहिली शाळा होय. रजेवर आलेल्या त्या मुलाने, आजी कटाची आमटी ढवळीत असता, सवयीने चमचा आत बुडवला.

“अरे, हात आवर! नैवेद्याची आहे ती.”

“आजी, न चाखता पदार्थ बाहेर पाठवला, तर आम्हांला बोलणी खावी लागतात.”

पुरण शिजले की नाही, हे त्यात उलथने उभे राहते की नाही यावरून आजी जाणते. आमटीचे मीठ मुठीच्या अदमासाने घालते. आणि साठ वर्षांत देवापुढे जाण्यापूर्वी तिने जिभेला काही लावलेले नाही. नातवाला तालीमच अशी मिळाली आहे, की प्रत्येक टप्प्यावर चाखावे, आणि न चाखणे म्हणजे जेवणाऱ्याशी केलेली बेपर्वाई. यांतले धर्म्य कोणते?

‘नैवेद्य’ या शब्दातच निवेदन आहे. देवाला भूक लागली आहे अशी कल्पना त्यात नसून, हे अन्न माझे नव्हे असे कबूल करून, सरकारदरबारी कागद रुजू करावा तसे ते त्याच्यापुढे रुजू करावयाचे असते. आणि केवळ स्वतःसाठी शिजविणारा पाप खातो असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, तेव्हा आधी जीभ लावणे म्हणजे रुजू होण्यापूर्वीच मालकी सांगणे होय, ही आजीची बाजू. परंतु नातवाच्या पाकशाळेचा रिवाज नीट ऐकून घेतला, तेव्हा मला निराळेच काही दिसले. तेथे चाखण्याचा चमचा पुन्हा भांड्यात जात नाही. म्हणजे जंतूंच्या नावाने का होईना, उष्ट्याचा विधिनिषेध तेथेही पाळला जातो. शिवाय तिखटाच्या गावचा हा मुलगा, तिखट न सोसणाऱ्या परक्या माणसासाठी रस्सा करताना, आपल्या आवडीला बाहेर उभी करून चाखतो. जीभ त्याची, चव दुसऱ्याची. शबरीने बोरे चाखून रामाला दिली ही कथा वाल्मीकींची नव्हे, लोकांनी ती मागाहून रचली. आणि ती रचावीशी वाटली, याचा अर्थ सोवळ्याच्या समाजालाही हे दुसरे चाखणे मनोमन मान्य होते.

सोवळ्याविषयी लिहिताना मात्र मला संकोच वाटतो. ‘आचारी’ या शब्दाला आचाराचा जो वास आहे, त्यात शुचितेइतकीच माणसे दूर ठेवण्याची रीतही मुरलेली आहे. आणि पैठणास एकनाथांनी श्राद्धाचे अन्न, त्याच्या वासाने ज्यांची भूक जागी झाली त्या अस्पृश्यांना प्रथम वाढले, या आख्यायिकेला आपण माना डोलावीत आलो, तरी आपल्या चुलीजवळची रेषा आपण फारशी पुसली नाही. पाकशाळेच्या हजेरीपटाने ती बरीच पुसली. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पैसे मोजून येतो तो अतिथी कसला, असेही कोणी म्हणतात. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, आणि हा तर खोलीचा बयाणा भरून, तारीख ठरवून येतो! पण अतिथीला देव मानण्याची तैत्तिरीय उपनिषदातील आज्ञा गुरूने विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला केलेली आहे, म्हणजे ती शिक्षणाचाच शेवटचा धडा आहे. आणि कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, तेव्हा प्रत्यक्ष यमाने रात्रीमागे एक याप्रमाणे तीन वर देऊन बाकी चुकती केली. मृत्यूला जो जमाखर्च ठेवावा लागला, तो हॉटेलच्या गल्ल्यावर ठेवला तर आतिथ्य विटाळते असे मला वाटत नाही.

त्या नवमीला मुलाने चमचा खाली ठेवला. नैवेद्य दाखवून झाला, ओसरीवर टेकलेल्या दोन अनोळखी यात्रेकरूंना पाने वाढली गेली, आणि आमटीची पहिली वाटी त्यांच्यापुढे ठेवून आजी पदराने हात पुशीत तेथेच उभी राहिली. त्यांनी भुरका मारला.

“मीठ झालंय ना हो बेताचं?” तिने विचारले, आणि उत्तर येईपर्यंत ती जागची हलली नाही. नातू दारात उभा राहून आजीकडे नव्हे, त्या दोघांच्या तोंडांकडे पाहत होता.