खेळाची मर्यादा कोणीं सोसावी?

मनुष्याच्या छंदाची नैतिक परीक्षा करावयाची झाल्यास, त्या छंदाविषयीं तो काय बोलतो हें पाहण्यापेक्षां त्यासाठीं तो कोणतीं साधनें निवडतो हें पाहणें अधिक उपयोगाचें होय, असें आम्हांस वाटतें. हें मत पडताळून पाहण्यासाठीं आम्ही एक दूरचें उदाहरण घेत आहों. अमेरिकेंत कयाक नांवाच्या लहानशा होडींत बसून बॅस जातीचा मासा गळानें धरण्याचा खेळ फार लोकप्रिय आहे. उदाहरण परकें असलें तरी त्यांतील प्रश्न परका नाहीं. मनुस्मृतीनें कामज व्यसनांत मृगयेची गणना आरंभींच केली आहे. उलट शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति त्याच मृगयेचे गुण गातो. पोटासाठीं नव्हे, तर केवळ आनंदासाठीं प्राण्याच्या मागें लागणें कितपत योग्य, हा वाद आमच्याकडे जुनाच आहे.

मोठ्या तोंडाचा बॅस हा मूळचा उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्याचा मासा. कांठाजवळचें पाणगवत, बुडालेले ओंडके यांच्या आडोशास तो दबा धरून राहतो व जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर एकाएकीं झडप घालतो. १८८१ सालीं डॉक्टर जेम्स हेन्शल यांनीं या माशावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याच्या झुंजार स्वभावाची कीर्ति सर्वत्र पसरविली. १९३२ च्या जून महिन्यांत, ऐन मंदीच्या दिवसांत, जॉर्जिया राज्यांतील जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्यानें २२ पौंड ४ औंस वजनाचा बॅस धरला. तो विक्रम पुढें ७७ वर्षें अबाधित राहिला. मासा मात्र पेरीच्या कुटुंबानें शिजवून खाल्ला. १९७२ सालीं, या खेळाच्या स्पर्धा नांवारूपास आणणाऱ्या रे स्कॉट यांनीं धरलेला मासा मारूं नये, जिवंत सोडावा, अशी चळवळ सुरू केली. आज कयाकच्या स्पर्धांत मासा मोजपट्टीवर ठेवून त्याचें छायाचित्र घेतात, लगेच त्यास पाण्यांत सोडतात, आणि लांबीच्या बेरजेवर निकाल लावतात.

येथेंच खरा आक्षेप उद्भवतो. पेरीच्या कृत्यास भुकेचें समर्थन तरी होतें. ज्याला मासा खावयाचाच नाहीं त्यानें त्याच्या जबड्यांत गळ कां रुतवावा? २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशाच्या डोक्याच्या भागांत इजेची जाणीव घेणारे मज्जातंतु असल्याचें दाखविलें. ही जाणीव म्हणजे आपणांस होते तशी वेदनाच काय, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि एकमत नाहीं. परंतु जेथें संशय आहे तेथें सबळानें दुर्बळाच्या बाजूनें निर्णय द्यावा, हें नीतीस धरून आहे. स्वित्झर्लंडनें २००८ च्या प्राणिरक्षणाच्या नियमांत, सोडून देण्याच्या हेतूनेंच मासा धरण्यास मनाई केली. म्हणजे अमेरिकेंत जी दया म्हणून गौरविली जाते तीच स्वित्झर्लंडांत अपराध ठरते.

हा आक्षेप आम्हांस दुबळा वाटत नाहीं. ज्याच्या मनास तो पुरता पटला असेल त्यानें गळाची काठी खालीं ठेवावी. त्यास आम्ही हळवा म्हणणार नाहीं. परंतु लक्षावधि माणसें ती खालीं ठेवणार नाहींत, हेंहि उघड आहे. त्यांच्यासाठीं नीतीचा प्रश्न संपत नाहीं. उलट तो दुकानांत साधनें निवडतांना सुरू होतो.

खिलाडूपणाची एक जुनी कल्पना अशी कीं, दोर बारीक व काठी नाजूक घ्यावी, म्हणजे माशास सुटून जाण्याची संधि मिळते व सामना बरोबरीचा होतो. प्रथमदर्शनीं ही कल्पना मोठी उदार वाटते. पण तिचा परिणाम पाहावा. बारीक दोरानें मासा लवकर जवळ आणतां येत नाहीं, झुंज लांबते, माशाच्या स्नायूंत आम्ल सांचतें व तो थकून निपचित होतो. उन्हाळ्यांत कोमट पाण्यांतला प्राणवायु कमी झालेला असतो. अशा वेळीं सोडून दिलेला मासा दृष्टीआड झाल्यावर मरण्याचा संभव वाढतो. दोर तुटला तर गळ तोंडांतच राहतो. म्हणजे मनुष्यानें आपल्या कौशल्यास जी अट घातली तिचा भार माशानें वाहिला! याउलट सुमारें सात फुटांची दणकट काठी व मजबूत विणलेला दोर घेतला तर झुंज थोडक्यांत आटोपते. गळाच्या टोकाजवळचा उलटा कांटा चिमट्यानें दाबून टाकला तर गळ चटकन निघतो. मासा निसटण्याचा संभव वाढतो खरा, पण तें नुकसान मनुष्याचें. गांठींच्या खरखरीत जाळ्यानें माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर खरवडला जातो. रबराच्या जाळ्यानें तितका जात नाहीं. मासा मोजण्यापूर्वीं हात व पट्टी ओली करावी, गळ घशांत खोल गेला असेल तर ओढाताण न करतां दोरच कापावा, या गोष्टींस तर पैसाहि लागत नाहीं.

आतां कयाकचा विचार करूं. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट व अल्युट लोकांनीं लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ही होडी बनविली. ती शिकाऱ्याच्या शरीराच्या मापानेंच घडवीत. आजची मासेमारीची कयाक बहुधा प्लास्टिकची, दहा ते तेरा फूट लांबीची असते. रुंद तळाची घेतली तर तिच्यांत उभें राहून गळ टाकतां येतो, पण ती मंद चालते. अरुंद व लांब घेतली तर वेगानें जाते, पण डळमळते. बॅससाठीं बांधलेल्या यांत्रिक बोटींना दोनशें-अडीचशें अश्वशक्तीचें यंत्र असतें. त्यांत बसणारा एका दिवसांत सारा जलाशय पालथा घालतो. वल्हें मारणाऱ्यास वारा, दमलेले खांदे आणि परतीचें अंतर हिशेबांत धरावें लागतें. त्याच्या वांट्यास दिवसांत दोन-तीन खोबणीच येतात. ही मर्यादा खरी आहे, कारण ती मनुष्यच सोसतो. १९९७ सालीं होबी कंपनीनें पायांनीं चालविण्याची योजना आणली. पुढें विजेचीं यंत्रें व पाण्याखालील मासे दाखविणारीं उपकरणें आलीं. वृद्धास वा अशक्तास यांचा आधार योग्यच आहे. परंतु साधेपणासाठीं कयाक घेऊन मग एकेक यंत्रानें तो साधेपणा विकून टाकणाऱ्यानें आपण काय शोधीत होतों हें स्वतःस विचारावें. मात्र जीवरक्षक जाकीट न घालणें ही मर्यादा नव्हे, उद्धटपणा होय. त्याची किंमत घरीं वाट पाहणारे देतात.

साधनांनीं सर्व प्रश्न सुटतात असें नाहीं. वसंतांत नर बॅस अंडीं व पिलें राखीत घरट्यावर उभा असतो. त्या वेळीं तो गळावर सहज झेपावतो. पण त्यास क्षणभर उचलून नेलें तरी आसपासचे लहान मासे अंडीं फस्त करतात. तेथें गळ न टाकणें हाच एक उपाय. जपानची स्थिति तर याहून निराळी आहे. तेथें १९२५ सालीं आशी सरोवरांत बॅस आणून सोडला. तो पुढें देशभर पसरला आणि मूळच्या माशांवर संकट ओढवलें. २००५ सालीं कायद्यानें त्यास उपद्रवी परकी प्राणी ठरविलें. बिवा सरोवरांत तर २००३ पासूनच, धरलेला बॅस पुन्हा पाण्यांत सोडण्यास बंदी आहे. पेरीच्या विक्रमाची बरोबरी करणारा मासा २००९ सालीं याच बिवांत मनाबू कुरिता यांनीं धरला, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. तेथें बॅसला जीवदान देणें म्हणजे सरोवरांतील मूळच्या माशांचें मरण ओढवून घेणें.

तेव्हां मारणें वाईट व सोडणें चांगलें, असा सोपा नियम हातीं लागत नाहीं. हातीं लागतो तो एक प्रश्न: माझ्या आनंदाची किंमत कोण देतो? हा प्रश्न बॅस धरणाऱ्यापुरता नाहीं. पक्ष्याचें छायाचित्र घेण्यासाठीं घरट्याच्या फांद्या दूर सारणारा आमचा सुशिक्षित गृहस्थहि आपणांस अहिंसकच समजतो. त्या वेळीं पिलांवर जें ऊन पडतें तें त्याच्या हिशेबांत नसतें. छंद सोडा असा उपदेश आम्ही करीत नाहीं. पण पुढील वेळीं एखादें साधन विकत घेतांना त्याच्या किंमतीबरोबर हा प्रश्नहि वाचकांनीं मनांत घोळवावा, एवढीच आमची विनंति आहे.