पतंग आणि भ्रमाची खोली



सुट्टीत हिंगोलीहून मुंबई-पुण्याला गेलं की नातवंडं भ्रमाच्या म्युझियमचा हट्ट धरतात. तिकीट काढून फसायला जाणं भाविकाला शोभतं का?

अवधूतांनी यदुराजाला सांगितलेल्या 24 गुरूंत पतंगही आहे. रूपाला भुलून तो ज्योतीवर झेप घेतो. म्हणून अवधूतांनी डोळे मिटले नाहीत; उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलं.

बँकेत आम्ही खोटी नोट बाजूला काढायचो, कारण ती खरी म्हणून चालू पाहते. एम्सची खोली मात्र भ्रम म्हणूनच दाखवतात. तिच्या एका कोपऱ्यात माणूस बुटका दिसतो, दुसऱ्यात धिप्पाड. खरं तर एक कोपरा लांब असतो, जमीन-भिंती तिरप्या बांधलेल्या असतात. हे मर्म कळल्यावरही डोळा फसतोच! माया कळणं वेगळं, सुटणं वेगळं. हे तिथे नातवालाही पटतं.

2023 मध्ये मुंबईत व्हॅन गॉगची चित्रं भिंतीभर हलती दाखवली होती. रंगांत हरवणंही वाईट नाही. पण एकच ठिकाण परवडत असेल, तर फसण्याचं कारण उलगडून सांगतात ते निवडावं. नुसते फोटो काढून निघू नये. "डोळा कशामुळे फसला रे?" असं मुलांना विचारावं. दिसतं तेवढंच खरं, हा हट्ट सुटला तर तिकीट वसूल झालं म्हणायचं.