खुळखुळा

कृष्णाकाठच्या एका गावात एक गवई राहत असत. गाव त्यांना बुवा म्हणे, घरचे तात्या म्हणत. गळा उत्तम, तालीम पक्की, शिष्य चार-दोन. दरवर्षी वसंतपंचमीला ते वसंत रागात एक नवी बंदिश बांधायचे. ही पंचमी पडते माघात. तेव्हा नदीवरचं वारं अजून अंगाला झोंबतं, आंब्याला मोहोर नुकता फुटू लागलेला असतो. पंचांगातला वसंत खरा चैत्र-वैशाखातला. पण बुवा म्हणत, पाहुणा यायच्या आधी घर सारवून ठेवावं.

त्या दिवशी पहाटे उठायचं, खोलीचं दार आतून लावून घ्यायचं, तंबोरा खोळीतून काढायचा. सुचलेली ओळ दिवे लागेपर्यंत घोळवायची, रात्री लाल वहीत उतरवायची. वही ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली जानव्याला. 27 वर्षं हा नेम चुकला नव्हता. 27 बंदिशी झाल्या होत्या आणि त्यांतली एकही कुणाच्या कानावर पडलेली नव्हती, असं निदान बुवा समजत.

या कुलपामागे एक जुनं दुखणं होतं. तरुणपणी त्यांनी एका मैफलीत स्वतः बांधलेली चीज गायली. पुढच्याच वर्षी परगावच्या जत्रेत ती दुसऱ्या एका गवयाच्या तोंडून ऐकली. चाल तीच, बोल तेच, फक्त अंतऱ्यातली मुद्रा बदललेली. मुद्रा म्हणजे रचना करणाऱ्यानं शब्दांत गुंफलेलं आपलं टोपणनाव. 18व्या शतकात मुहम्मदशहा रंगिल्याच्या दरबारातले नियामतखाँ आपल्या ख्यालांत ‘सदारंग’ घालत. तो बादशहा आज इतिहासाच्या पुस्तकात पडून आहे, सदारंगांचं नाव मात्र रोज कुठे ना कुठे गायलं जातं. जमीन लुबाडणारा सातबाऱ्यावरचं नाव फिरवतो. गाण्याचा सातबारा गाण्याच्या पोटातच असतो आणि बुवांच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी आपलं म्हणून काही बाहेर काढलं नाही.

शिष्यांना ते परंपरेतलं सगळं देत. वसंताचे दोन मध्यम कुठे कसे लागतात, पंचम किती जपून घ्यायचा, तार षड्जावर उभं कसं राहायचं, हे सांगताना हात कधी आखडला नाही. पण “बुवा, तुमची स्वतःची एखादी?” असं कुणी म्हटलं की जुन्या उस्तादांचे दाखले निघत. स्थायी शिकवून अंतरा लपवणारे, मुलीच्या लग्नात आंदण म्हणून बंदिशी देणारे, अशा ऐकीव गोष्टींचा त्यांच्याकडे साठा होता.

एकदा एका शिष्येनं धीर करून विचारलं, “पण बुवा, वझेबुवांनी वणवण करून, हालअपेष्टा सोसून चिजा मिळवल्या आणि 1938 साली ‘संगीत कलाप्रकाश’ काढून त्या छापून टाकल्याच की. भातखंड्यांनी तर क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले.”

“त्यांनी छापल्या त्या मिळवलेल्या,” बुवा म्हणाले. “माझ्या पोटच्या आहेत.”

यावर काय बोलणार? पोरगी गप्प बसली. मला विचाराल तर उत्तर अगदी वाईट नव्हतं. फक्त पोटच्या लेकरांना कुणी ट्रंकेत ठेवत नाही, एवढं तिला तेव्हा सुचलं नाही.

यंदाच्या पंचमीला खोळ काढली तर तंबोऱ्याच्या बुडाशी पिठासारखा भुसा. खुंटी पिळली तर सूर लागेना, लागला तर टिकेना. बुवांनी कशीबशी बंदिश बांधली आणि फाल्गुन लागताच तंबोरा दुपट्यात गुंडाळून मिरजेची एसटी धरली. रस्त्याच्या कडेला पळस पेटला होता. काटेसावरीची लाल फुलं डांबरावर पडून चाकांखाली चिरडली जात होती.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांचे ओळखीचे एक चाचा होते, सत्तरीचे. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्या हातांनी सतारी-तंबोरे घडवायला घेतले. गल्लीपासून जवळच ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आहे. 1937 साली वारलेले अब्दुल करीम खाँसाहेब तिथे विसावले आहेत. बुवा मिरजेला आले की आधी तिथे डोकं टेकत, मग गल्लीत शिरत.

चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला. भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, तबलीला कान लावला, घोडी निरखली.

“कितीदा वाजवता?”

“हा? हा खास आहे. पंचमीला काढतो. शिकवायला दुसरा आहे.”

“वर्षातनं एकदा?” चाचांनी तारांखालची घोडी दाखवली. “ह्या बघा, तारांच्या रेघासुद्धा पडल्या न्हाईत. वाजवून वाजवून जवारी गेली तर मी कानस घेऊन बसतो, दोन दिवसांत काढून देतो. ते रोजचं दुखणं, त्याला औषध हाय. पण ह्याला कीड लागलीया. वाजत्या वाद्याला धक्का असतोय, हात फिरतोय, हवा लागती. खोळीतल्याला काय?”

भोपळा बदलावा लागणार होता. दुकानाच्या आढ्याला पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठमोठे वाळके भोपळे टांगलेले होते. चाचांनी काठीनं एक उतरवला आणि बुवांच्या हातात दिला.

“हलवून बघा.”

बुवांनी हलवला. आत खुळखुळ खुळखुळ झालं.

“काय वाजलं?”

“बी.”

“मग ह्यो अजून भोपळा न्हाई, खुळखुळा हाय. आत माल भरपूर, पण हलवाल तवा नुसता तेवढाच आवाज. सूर न्हाई.” चाचांनी खूण करून करवत चालवली. वरची टोपी निघाली, भोपळा उपडा केला तशा चपट्या बिया सतरंजीवर सांडल्या. मग हात आत घालून ते वाळलेला गर खरवडू लागले. बराच वेळ नुसता खरखर आवाज येत राहिला. बुवा बिड्यांच्या थोटकांकडे, भुशाकडे, टांगलेल्या दांड्यांकडे बघत बसले. शेवटी चाचांनी त्या रिकाम्या भोपळ्याच्या तोंडाशी ओठ नेऊन हलकेच “आ” लावला. आवाज आत फिरला आणि भरून बाहेर आला. दुकानातल्या कुठल्या तरी सतारीची एक तरफेची तार आपोआप झणाणली.

“आता झाला भोपळा,” चाचा म्हणाले.

त्यांना काही प्रवचन करायचं नव्हतं. काम किती आहे आणि पैसे किती पडतील, हे गिऱ्हाइकाला पटवून द्यायचं होतं. तसे त्यांनी पैसे सांगितलेही, आणि बुवांनी घासाघीस न करता मान डोलावली, याचंच त्यांना नवल वाटलं.

पोऱ्या बिया झाडून काढत होता. बुवा म्हणाले, “थोड्या देता?”

“न्या की.” चाचांनी मूठभर बिया कागदात बांधल्या. “पाऊस पडला की परसात टाका. पण कडू हाय बरं का, भाजी करायला जाल.”

“आणि मी ह्याचेच भोपळे पिकवून धंदा मांडला तर?”

चाचा खो खो हसले. “मांडा! कडू भोपळा घेणार कोण? पुन्हा माझ्याच दारात याल विकायला.”

परतीच्या एसटीत बुवांना खिडकी मिळाली. मांडी रिकामी होती, खिशात बियांची पुडी. दोन्ही बाजूंना आमराया मोहोरानं जड झालेल्या. एवढ्या मोहोरातून हाताला लागणारे आंबे किती थोडे, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बुवांना सांगायला नको होतं. झाड काही जपून मोहोरत नाही, असं त्यांच्या मनात आलं. लगेच वाटलं, हे वाक्य कुठल्याही कीर्तनात खपेल. मग त्यांनी आमराईचा नाद सोडला आणि खिशातली पुडी हळूच हलवून पाहिली. ती खुळखुळली.

घरी पोचल्यावर त्यांनी पाय धुतले आणि सरळ ट्रंक उघडली. आपली सगळ्यांत चांगली चीज कुठली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीची. ती उद्या त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरीला शिकवायची, असं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. पान काढलं. कसरीनं कडा खाल्ल्या होत्या. बोल शाबूत होते, पण वर स्वरांच्या खुणा अशाच, घाईत केलेल्या. चाल आपल्या डोक्यात आहे, ती कुठे जाते, अशा भरवशावर केलेल्या. स्थायी आठवली. समेला बरोबर आले. अंतऱ्याची पहिली ओळही चढली. दुसरी ओळ मात्र काही केल्या येईना. मुद्रा होती ती नेमकी हीच ओळ.

बुवांनी ती चार प्रकारे म्हणून पाहिली. चारही ओळी वसंताच्या होत्या, त्यांची एकही नव्हती. चोरानं निदान ती दुसरी चीज जिवंत ठेवली होती, हे त्यांना त्या क्षणी आठवलं आणि ते कपाळाला हात लावून बसले.

बाहेर अंगणात सूनबाई खाटेवर धुतलेलं लुगडं अंथरून कुरडया घालत होती. आतून तीच ती ओळ अर्धवट तुटताना ऐकून तिचा सोऱ्या थांबला. थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग सोऱ्या फिरवता फिरवता, उन्हाकडे पाठ करून, तिनं ती ओळ पुरी केली.

बुवा दारात आले.

“ही कुणी शिकवली तुला?”

“भिंतीनं,” ती म्हणाली. मग जीभ चावली. “तुमची खोली आणि आपलं स्वयंपाकघर यांत एकच भिंत आहे, तात्या. तुम्ही दिवसभर तीच म्हणत असता त्या दिवशी. हिला झोपवताना मी हीच म्हणायचे. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाचं गाणं मला येतच नव्हतं.”

‘ही’ म्हणजे दहा वर्षांची नात. ती पलीकडे चिकाचा वाडगा चाटत बसली होती.

“परत म्हण.”

तिनं म्हटली. चाल शंभर टक्के तीच नव्हती. तीव्र मध्यमावरून उतरताना तिनं शुद्ध मध्यमाला जरासा हात लावला, आणि तेवढ्यापुरती ललत रागाची सावली पडली. अंगाई म्हणताना आवाज खाली आणावा लागतो, त्यात ते झालं असणार. आणि जिथे बुवांची मुद्रा होती तिथे ती नव्हती. त्या जागी तेवढ्याच मात्रांत तिनं ‘सोनुली’ बसवलं होतं.

बुवा काही बोलले नाहीत. ते चुकलंय, असं म्हणायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. मग आत जाऊन वही आणि पेन्सिल घेऊन आले आणि खाटेच्या पायाशी सावलीत बसले.

“त्या मध्यमापाशी जरा सावकाश,” ते म्हणाले, “मला लिहून घेऊ दे.”

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी पान उलटलं. “आणि बाकीच्यांतल्या किती येतात?”

सूनबाईनं चिकानं माखलेल्या बोटांवर मोजलं. या घरात येऊन तिला 13 पंचम्या झाल्या होत्या.

“बारा,” ती म्हणाली. “हिच्या वेळी बाळंतपणाला माहेरी होते. त्या वर्षीची तेवढी शिकवा.”