छायाचित्र आणि माणसाची अब्रू



दुःखिताचे दुःख जगास दाखवावे की झाकून ठेवावे? दाखविले तर त्याची अब्रू जाते; झाकले तर अन्यायास आसरा मिळतो. जर्मन लेखक हाइनरिश ब्योल (१९१७–१९८५) याने या पेचाचा जो विचार केला, तो आपणांसही उपयोगी आहे.

ब्योल कोलोन शहरचा. दुसऱ्या महायुद्धात त्याने शिपाईगिरी केली. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा त्याचे शहर ढिगारे होऊन पडले होते. पुष्कळांस ते विसरून जावे असे वाटे. तथापि १९५२ साली ब्योलने निबंध लिहून सांगितले की, निर्मळ डोळा हे लेखकाचे अवजार होय. जे आहे ते त्याने पाहिलेच पाहिजे. पुढे १९५८ साली रूर नामक कोळशाच्या मुलुखाविषयी एक पुस्तक निघाले. त्यातील छायाचित्रे शार्गेसहायमर याची व मजकूर ब्योलचा. त्यात धूर, काजळी व कष्टकरी माणसे जशी होती तशी दिसली, तेव्हा तेथील कारभाऱ्यांनी आपल्या शहरांची बदनामी झाली म्हणून ओरड केली!

मग वाटेल त्याचे चित्र घ्यावे काय? नाही. १९६४ साली ‘मनुष्य म्हणजे काय?’ या विषयावरील छायाचित्रांच्या जागतिक प्रदर्शनासाठी ब्योलने ‘माणुसकीचा कॅमेरा’ या अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहिला. माणसास बेसावध गाठून उघडे पाडणे हा जेथे कॅमेऱ्याचा हेतू होतो, तेथे तो नीतीची मर्यादा ओलांडतो, असे त्याचे म्हणणे. १९७२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्याने दाखविले की, घरकाम करून पोट भरणाऱ्या कॅथरिना ब्लूम हिची अब्रू एक वर्तमानपत्र चित्रांनी व खोट्या मजकुराने कशी धुळीस मिळविते, आणि त्याचा शेवट रक्तपातात कसा होतो.

यावरून भेद स्पष्ट होतो. काजळी दाखविल्याने खाणकामगार हलका झाला नाही. लाज वाटली ती कारभाऱ्यांस. कॅथरिनाच्या चित्राने मात्र दुर्बळच चिरडली गेली. यास्तव चित्र घेण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे: यामुळे मान कोणाची खाली जाईल, अन्याय करणाऱ्याची की सोसणाऱ्याची? आणि ज्याचे चित्र घेतले, त्याच्याच समोर बसून ते त्यास दाखविण्याचे धैर्य आपणांस आहे काय?

आज खेडोपाडी प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. ज्याच्या हाती कॅमेरा, त्याच्या हाती शेजाऱ्याची अब्रूही असते. ती जपून धरावी.