बोर्डिंगमध्ये ‘टाकण्यापूर्वी’



मागे एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर माझा एक जुना विद्यार्थी चर्चच्या पायऱ्यांवर भेटला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तीन शाळांची माहितीपत्रके. “सर, मोठ्याला बोर्डिंगमध्ये टाकायचं म्हणतोय. एक पाचगणीचं आहे, एक देवळालीचं, आणि एक नगरकडचं, फादरांचं. तुम्ही सांगाल त्यात टाकतो.” मुलगा आठवी पास होऊन नववीत जाणार होता. तो लांब, मोटारसायकलला टेकून उभा होता. मी विचारले, “त्याचं काय म्हणणं आहे?”

“त्याला काय विचारायचं, सर? त्याला विचारत बसलो तर मोबाइल सोडून तो जाणार आहे का कुठं!”

घरी आल्यावर त्याचा एक शब्द माझ्या मनातून जाईना. मुलाला आपण बालवाडीत ‘घालतो’, शिकवणीला ‘पाठवतो’, मामाकडे ‘ठेवतो’. बोर्डिंगमध्ये मात्र ‘टाकतो’. लहानपणी घरात दंगा केला की हीच धमकी असते: “थांब, तुला बोर्डिंगलाच टाकते!” आणि मग चौदाव्या वर्षी तोच मुलगा खरोखरच बॅग भरायला लागला, की आपण त्याला सांगतो, “बाळा, हे तुझ्या भल्यासाठी आहे.” त्याने कोणते वाक्य खरे मानावे?

मी बोर्डिंगच्या विरोधात नाही. मी स्वतः चार वर्षे बोर्डिंगमध्ये काढली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. वडिलांनी मला पडवीत बसवून सांगितले होते, “इथं पुढं शिकायची सोय नाही. तू गेलास तर शिकशील, राहिलास तर माझ्याबरोबर वाडीत काम करशील. तूच बघ.” मी पत्र्याची ट्रंक घेऊन गेलो. पहिले पंधरा दिवस रात्री उशीत तोंड खुपसून रडलो, पण मी इथे का आहे हे मला माहीत होते. माझ्या शेजारच्या खाटेवर जो मुलगा होता त्याला ते माहीत नव्हते. त्याची आई वारली होती, वडिलांनी दुसरे लग्न केले होते. त्याला सांगितले होते, ‘अभ्यासासाठी.’ तो दर रविवारी दुपारी फाटकाजवळ जाऊन बसायचा. जेवण तेच, रेक्टर तेच, खाट तीच. मी तिथे वाढलो, तो तिथे सुकला.

म्हणून मला वाटते, कोणते बोर्डिंग चांगले, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आपण मुलाला का पाठवतो आहोत? आणि हे खरे कारण त्याच्या तोंडावर सांगण्याची आपली तयारी आहे का? गावात शाळा नाही, हे कारण सांगता येते. आई-वडील दोघेही परदेशी नोकरीला आहेत, हेही सांगता येते. पण ‘तू आता मला आवरत नाहीस’, ‘आमच्या दोघांच्या भांडणात तू नको’, ‘शेजाऱ्याचा मुलगा तिथे आहे’, ही कारणे आपण सांगत नाही, कारण ती आपल्यालाच ऐकवत नाहीत. जे कारण मुलाला सांगता येत नाही, त्या कारणासाठी त्याला घराबाहेर पाठवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो का?

काही जण म्हणतील, चौदा वर्षांच्या पोराला काय कळते? आई-वडिलांनीच ठरवायचे असते. खरे आहे. आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात स्पष्ट सांगितले आहे. पण तो मान आहे तसा भारही आहे, आणि फी भरल्याने तो उतरत नाही.

या बाबतीत मला संत थॉमस अक्वायनस आठवतात. त्यांना जेमतेम पाच वर्षांचे असताना घरच्यांनी माँटे कॅसिनोच्या बेनेडिक्टाइन मठात ठेवले. त्या काळी याहून चांगली शाळा शोधून सापडली नसती! पण घरच्यांच्या मनात वेगळेच होते. मुलगा पुढे त्याच श्रीमंत मठाचा मठाधिपती व्हावा आणि घराण्याचे नाव वाढावे. थॉमस मोठे झाले आणि भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संघात गेले. तेव्हा भावांनी १२४४ मध्ये त्यांना वाटेत पकडून घरच्या किल्ल्यात सुमारे वर्षभर कोंडून ठेवले. शाळा निवडताना घरच्यांची चूक झाली नव्हती. चूक होती ती मुलगा आपल्या बेताचा एक भाग आहे, या समजुतीत.

याच थॉमसनी पुढे लिहिले की, समज येईपर्यंत मूल आई-वडिलांच्या छायेत जणू दुसऱ्या गर्भाशयात असते, पण समज आली की ते स्वतःचे होऊ लागते. (तिथे विषय बाप्तिस्म्याचा आहे, बोर्डिंगचा नाही, पण बापाने वाचावे असेच ते आहे.) ‘होऊ लागते’ हे महत्त्वाचे. नववीतला मुलगा पूर्ण स्वतःचा नाही, पूर्ण आपलाही नाही. निर्णय आपण घ्यावा, पण त्याचे म्हणणे ऐकल्यावर आपला निर्णय बदलू शकेल, इतकी जागा तरी ठेवावी. नाहीतर विचारणे हे नुसते नाटक होते, आणि या वयाच्या मुलांना नाटक फार लवकर कळते.

मग दुसरा प्रश्न. बोर्डिंग बघायला मुलाला घेऊन जा, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका. साध्या वारी, जेवणाच्या वेळी जा. दहावीच्या टक्क्यांचा फलक सगळेच दाखवतात. तुम्ही संडास-बाथरूम बघा. रात्री मुलांच्या मजल्यावर कोण झोपते ते विचारा. ताप आला तर घरी कधी कळवतात, मुलाला घरी फोन करताना शेजारी कोणी उभे असते का, तेही विचारा. मुलाबरोबर काही वाईट घडले तर तो कोणाकडे जाईल, हे विचारायला लाजू नका. संस्था फादर-सिस्टरांची असली तरीही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. या प्रश्नाने जे रेक्टर रागावतील, तिथे मी माझा नातू ठेवणार नाही.

आणि पाठवल्यावर? शमुवेलाची आई हन्ना आठवा. तिने मुलाला मंदिरात ठेवले, तिथे एली याजकाचे मुलगे कसे होते ते आपण बायबलमध्ये वाचतोच. पण ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून घेऊन जात असे. मुलगा वाढत होता, म्हणजे झगा दर वर्षी थोडा मोठा लागत असणार. त्याच्या मापाची आठवण त्या माऊलीने सुटू दिली नव्हती.

माझा विद्यार्थी तीन आठवड्यांनी पुन्हा भेटला. म्हणाला, “सर, विचारलं त्याला. मला वाटलं होतं, ओरडेल. त्यानं एवढंच विचारलं, मी गेल्यावर माझी खाट धाकट्याला देणार का?”

“मग तू काय म्हणालास?”

“काही नाही. खरं तर तसंच ठरवलं होतं आम्ही.”

येत्या शनिवारी तो मुलाला घेऊन नगरकडचे बोर्डिंग बघायला जाणार आहे. फॉर्म अजून पिशवीतच आहे.