धाब्याचा कठडा

(शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, लूक १३:१-९)



मोशेच्या नियमशास्त्रांत एक लहानसा नियम आहे. त्याच्या अलीकडे पक्ष्याच्या घरट्याविषयीं आणि पलीकडे द्राक्षमळ्यांत मिसळ बीं न पेरण्याविषयीं सांगितलें आहे, म्हणून वाचणारा बहुधा तेथें न थांबतां पुढें जातो. नियम असा कीं, जो कोणी नवें घर बांधील त्यानें त्याच्या धाब्यास कठडा करावा. न केला आणि वरून कोणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल.

माळवदाच्या घरांत वाढलेल्या वाचकांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. वर धान्य वाळत घालतात, उन्हाळ्यांत सगळें घर वर निजतें, मुलें तेथेंच खेळतात. घरधन्यास आपल्या धाब्याची कड अंधारांतही ठाऊक असते. तिचें भय पाहुण्यास, लेंकरास आणि झोपेंतून अर्धवट उठलेल्या म्हाताऱ्यास असतें. तेव्हां कठडा हा घरधन्यासाठीं नव्हे. ज्यास कड ठाऊक नाहीं त्याच्यासाठीं आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, येथें कोणी कोणास ढकललेलें नाहीं. हात उचलला नाहीं, शिवी दिली नाहीं, मनांत वैर धरलें नाहीं. एक काम करावयाचें राहून गेलें, इतकेंच. तरी शास्त्र त्यास रक्ताचा दोष म्हणतें.

हा नियम जवळ ठेवून आज आपण एका दूरच्या शेतकरी गांवाकडे पाहूं. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत वेको शहराच्या उत्तरेस वेस्ट नांवाचें गांव आहे. त्या शब्दाचा अर्थ पश्चिम असा असला, तरी हें नांव तेथील पहिल्या पोस्टमास्तराच्या आडनांवावरून पडलें आहे. २०१० सालीं वस्ती सुमारें २८०० माणसांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोहेमिया व मोराविया या प्रांतांतून निघालेलीं चेक कुटुंबें काळ्या जमिनीच्या आशेनें तेथें आलीं. त्यांतील बहुतेक रोमन कॅथलिक आणि थोडीं जॉन हस याच्या परंपरेंतील बंधुमंडळीचीं. कोलाची नांवाची फळांचा गर घातलेली गोड पाव-रोटी त्यांनीं बरोबर आणली. ती अद्यापि तेथें भाजली जाते व रस्त्यानें जाणारे प्रवासी ती घेण्यासाठीं मुद्दाम थांबतात.

या गांवाच्या कडेस इ. स. १९६२ पासून शेतकऱ्यांस खत व बियाणें पुरविणारी एक कोठी होती. ती बांधली तेव्हां भोंवतीं शेतें होतीं. पुढें गांव वाढत वाढत तिच्याकडे सरकलें. शाळा झाली, भाड्याच्या खोल्यांची चाळ झाली, वृद्धांचें शुश्रूषागृह झालें. एक शाळा तर कोठीपासून दोनशें यार्डांच्याही आंत होती. खताच्या कोठीशेजारीं घर बांधतांना कोणास भय वाटलें नाहीं. आणि खतास भ्यावें तरी कां? ज्यानें पीक येतें, ज्याच्यावर गांव जगतें, तीच ती वस्तु.

त्या कोठींत अमोनियम नायट्रेट नांवाचें पांढरें, साबुदाण्यासारखें दाणेदार खत सांठविलेलें होतें. हा क्षार पिकास नत्र देतो. तो स्वतः पेट घेत नाहीं. परंतु दुसऱ्या जळत्या वस्तूस प्राणवायु पुरवितो, आणि बंद जागीं तापला, त्यांत काजळी किंवा इतर जळाऊ पदार्थ मिसळला, म्हणजे एकाएकीं दारूगोळ्याप्रमाणें फुटतो. वेस्ट येथील इमारत लांकडी होती. खताच्या कप्प्यांच्या भिंती लांकडी, बियाणें त्याच छपराखालीं, आणि आग लागतांच आपोआप पाणी सोडणारी नळांची सोय नाहीं. कामगारांच्या सुरक्षिततेचें सरकारी खातें शेवटची तपासणी करून गेलें तें १९८५ सालीं.

ता. १७ एप्रिल २०१३, बुधवार. सायंकाळीं ७ वाजून २९ मिनिटांनीं कोठींत आग दिसल्याची वर्दी आली. लहान गांवांत पगारी बंबवाले नसतात. दिवसभर आपआपला धंदा करणारे गांवकरीच स्वेच्छेनें हें काम पत्करतात. ते हातचें काम टाकून धांवले; शेजारच्या गांवांतूनही आले. त्यांचें लक्ष अमोनिया वायूच्या टांक्यांकडे होतें, कारण तें भय त्यांस माहीत होतें. त्या टांक्या फुटल्याच नाहींत. ७ वाजून ५१ मिनिटांनीं सुमारें ३० टन अमोनियम नायट्रेट एका क्षणांत फुटलें. जेथें कोठी होती तेथें नव्वद फुटांहून रुंद खड्डा राहिला. भूकंप मोजणाऱ्या यंत्रांवर त्या धक्क्याची नोंद झाली. पंधरा माणसें मेलीं. त्यांपैकीं बारा जण आग विझविण्यास किंवा मदतीस गेलेले होते. दोनशें साठांहून अधिक जखमी झाले. दीडशेंच्या वर इमारती मोडल्या किंवा खिळखिळ्या झाल्या, आणि गांवाच्या चार शाळांपैकीं तीन त्यांत आल्या. वेळ सायंकाळची होती म्हणून वर्ग रिकामे होते. तीच घटना सकाळीं अकरा वाजतां घडती तर! या विचारापाशीं मन थांबतें.

आतां एक प्रश्न आपल्या मंडळ्यांतून नेहमीं विचारला जातो. अशी बातमी कानीं आली कीं कोणी तरी हळूच म्हणतो, त्या लोकांनीं कांहीं पाप केलें असेल. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें ठार झालीं, तेव्हां यरुशलेमांतील लोकांच्या मनांतही हेंच होतें. प्रभूनें तो विचार स्पष्ट शब्दांनीं तोडून टाकिला. जे मेले ते इतरांहून अधिक दोषी नव्हते, असें त्यानें सांगितलें. आणि लगेच विचारणाऱ्यांकडे वळून त्यांनाच पश्चात्ताप करावयास लाविलें. येथें पुष्कळ उपदेशक एक पायरी चुकतात. मृतांच्या माथीं पाप मारूं नये, हें ते बरोबर सांगतात. परंतु त्यावरून असा अर्थ काढितात कीं, मग येथें पापाची गोष्टच नको, ही देवाची अगम्य इच्छा. आमच्या मतें ही भक्ति नव्हे, आळस आहे. बुरूज पडतो तो पाया खचल्यामुळें. पाया कोणी घातला, कोणी पाहिला, तडा दिसूनही कोण गप्प राहिला, हें विचारणें प्रभूनें कोठेंही मना केलेलें नाहीं.

वेस्ट येथें आग कशी लागली याविषयीं मतभेद आहे. रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन सरकारी मंडळानें जानेवारी २०१६ मध्यें अहवाल दिला, त्यांत आगीचें मूळ कारण निश्चित केलें नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत दुसऱ्या एका सरकारी खात्यानें ती मुद्दाम लावलेली होती असें जाहीर केलें. त्यावर पुष्कळांनीं आक्षेप घेतला, आणि दोष कोणावरही सिद्ध झालेला नाहीं. परंतु आपल्या शास्त्रपाठापुरतें पाहिलें तर हा वाद दुय्यम ठरतो. धाब्यावरून मनुष्य पाय घसरून पडला, कीं झोपेंत चालतांना पडला, कीं कोणी दुष्टानें त्यास ढकललें, हें नियमशास्त्र कठड्याच्या बाबतींत विचारीत नाहीं. कठडा होता काय, एवढेंच विचारतें. ठिणगी कोणाची कां असेना. लांकडी कप्प्यांत तें खत कोणी ठेविलें? शाळेस तेथें जागा कोणी दिली? वर्षानुवर्षें कोणी पाहिलें नाहीं? या प्रश्नांस एका माणसाचें नांव उत्तर म्हणून देतां येत नाहीं. मालक, तपासनीस, नगरसभा, कायदे करणारे आणि स्वस्त खत हवें असणारे गिऱ्हाईक, अशा अनेकांच्या हातून एकेक वीट ठेवावयाची राहिली. त्या कोठीचा विमा दहा लाख डॉलरांचा होता. नुकसान दहा कोटींच्या वर गेलें.

सर्वांत खेदाची गोष्ट याहूनही वेगळी आहे. तेथें हा साठा असतो, अशी नोंद सरकारदरबारीं कागदावर होती. परंतु जे बारा जण ज्वाळांकडे गेले त्यांस तें खत अशा रीतीनें फुटूं शकतें याची नीट कल्पना कोणी दिलेली नव्हती. कड घरधन्यास ठाऊक, पाहुण्यास नाहीं. नियमशास्त्रांत सांगितलेली गोष्ट ती हीच.

त्यांच्या धैर्याची थोरवी गाण्यास आम्ही मागें राहणार नाहीं. मित्रांकरितां प्राण देण्याहून मोठी प्रीति नाहीं, हें ज्यानें शिकविलें त्यानें तसें करूनही दाखविलें. ता. २५ एप्रिल रोजीं वेको येथील बेलर विद्यापीठांत त्यांच्या स्मरणार्थ उपासना झाली, तेव्हां राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा स्वतः हजर होते. तें योग्यच झालें. परंतु बंधूंनो, मृतांच्या स्तुतीचा एक धोका आहे. वीराच्या थडग्यावर जितकीं फुलें अधिक, तितका त्याच्या मरणाचा हिशेब झांकला जातो. गौरवाचीं भाषणें करणें सोपें. लांकडाच्या जागीं विटांची भिंत बांधणें खर्चाचें. प्राण देणारी प्रीति क्वचित् एखाद्यास दाखवावी लागते. कठडा बांधणारी प्रीति रोज, सर्वांस, कोणी वाखाणणार नसतांना दाखवावयाची असते. पहिलीची गरज पुष्कळदां दुसरी नसल्यामुळेंच पडते.

त्या सायंकाळीं ही दुसरी प्रीतिही गांवांत अगदींच नव्हती असें नाहीं. शुश्रूषागृहांत शंभराहून अधिक वृद्ध व आजारी माणसें होतीं. आग दिसतांच तेथील नोकरवर्गानें आगीकडच्या बाजूच्या खोल्यांतून त्यांस हलवून इमारतीच्या दुसऱ्या अंगास नेलें. कोणी सांगेपर्यंत ते थांबले नाहींत. स्फोटानें इमारत उद्ध्वस्त झाली. पण बहुतेक जीव वांचले. हातीं वीस मिनिटें होतीं, तेवढ्यांत त्यांनीं बांधतां येईल तेवढा कठडा बांधला.

२०१५ सालीं टेक्सासच्या कायदेमंडळानें नियम केला कीं, पेट घेणाऱ्या वस्तु या खतापासून निदान तीस फूट दूर असाव्यात, व अग्निशमन अधिकाऱ्यांस अशा कोठ्या पाहण्याचा अधिकार असावा. माणूस पडल्यावर दोन वर्षांनीं कठडा आला. वास्तविक याच संस्थानांत टेक्सास सिटी या बंदरांत ता. १६ एप्रिल १९४७ रोजीं हेंच खत भरलेलें जहाज पेटून फुटलें होतें, आणि सुमारें पांचशें ऐंशीं माणसें मेलीं होतीं. त्या शहराच्या बंबवाल्यांपैकीं एक वगळून सर्व त्यांत गेले. सासष्ट वर्षांत धडा विसरला गेला. पुढें २०२० च्या ऑगस्टांत बैरूत बंदरांत हाच क्षार फुटला. तेथेंही आग विझविण्यास पाठविलेले दहा जण, आंत काय आहे हें न कळतां, मेले.

आणि हें सर्व आपल्यापासून दूरचें आहे असें कोणी मानूं नये. ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत फोर्ट स्टिकीन या जहाजावर आग लागली. त्याच्या पोटांत कापसाचे गठ्ठे आणि दारूगोळा एकाच ठिकाणीं भरलेला होता. आग विझवितांना मुंबईच्या बंबखान्याचे सहासष्ट जण कामास आले. त्यांच्याच स्मरणार्थ आपल्या देशांत दरवर्षीं १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळितात.

आपल्या शेतांत बहुधा युरिया घालतात, आणि तो या क्षारासारखा स्वतः फुटत नाहीं. तेव्हां खताचें पोतें पाहून कोणी घाबरूं नये. परंतु ज्वारीच्या कणगीशेजारीं कीटकनाशकाची बाटली ज्या घरांत आहे, औषध फवारणाऱ्या गड्यास तोंडास बांधावयास फडकेंही न देतां जो वाफ्यांत उतरवितो, ज्याच्या विहिरीस कठडा नाहीं व वाटेवरून शाळेचीं मुलें जातात, त्यानें अनुवादाचा बाविसावा अध्याय काढून पुढील प्रार्थनेच्या दिवशीं घरांत मोठ्यानें वाचावा. मंडळीच्या वडिलांनीं व पंचांनीं गांवच्या गोदामांत काय ठेविलें आहे हें एकदां स्वतः जाऊन पाहावें, आणि तेथें आग लागल्यास प्रथम कोण धांवेल त्या तरुणांस तें सांगून ठेवावें. यास उपदेशकाची किंवा मिशनाच्या पैशाची गरज नाहीं.

शिलोहाच्या बुरुजाविषयीं बोलून झाल्यावर प्रभूनें लगेच एक दाखला दिला, तो बहुधा आपण वेगळा वाचतों. मळ्यांत एक अंजिराचें झाड होतें. तीन वर्षें फळ नाहीं म्हणून मालक तें तोडावयास सांगतो. माळी म्हणतो कीं, आणखी एक वर्ष राहूं द्या. मी त्याच्या भोंवतीं खणतों आणि खत घालतों. खत हा शब्द तेथें आहे, तो जीवन देण्यासाठीं आहे. आणि तें घालणारा माळी आळें स्वतः खणतो. मालकानें तें एक वर्ष दिलें कीं नाहीं, आणि झाडास पुढें फळ आलें कीं नाहीं, हें लूकानें लिहिलेलें नाहीं.